मागून हात फिरवणारी

मंगल कार्यालयात गेले की बाकीच्या बायका नवरीचे दागिने बघतात, मी खालची जमीन बघते. जमीन म्हणजे काँक्रीटची, तुकड्यातुकड्यांनी ओतलेली, आणि दोन तुकड्यांच्या मधे सोडलेली बोटभर रुंदीची फट. आम्ही कामावरची माणसं त्या फटीला जॉइंट म्हणतो. जॉइंटमधे रबरासारखा मऊ मसाला भरलेला असतो, सीलंट. तो नीट भरलाय की नुसता वरून चोपडलाय, हे मला चालता चालता चपलेतूनही कळतं. नवरा म्हणतो, "जेवायला आलोत का तपासायला?" त्याचं बरोबर आहे. पण इतकी वर्षं उकिडवं बसून ज्या फटींवरून हात फिरवला, त्या नजरेतून सुटत नाहीत. आता मी हे काम एकटी करते, आणि सगळं स्वतःच्याच हातानं करते. तेव्हा आम्ही दोघं होतो, मी आणि माझा थोरला भाऊ.

ज्यांनी हे काम कधी बघितलं नाही त्यांना थोडं सांगावं लागेल. काँक्रीट वाळताना आकसतं, उन्हात फुगतं, थंडीत पुन्हा आकसतं. त्याला हलायला जागा ठेवली नाही तर ते मनाला येईल तिथं तडकतं. म्हणून फट मुद्दाम ठेवायची आणि मऊ मसाल्यानं बुजवायची. आधी तारेच्या ब्रशनं फट घासायची, ब्लोअरनं धूळ उडवायची, दोन्ही काठांवर चिकटपट्टी लावायची, मसाला नीट चिकटावा म्हणून आतल्या कडांना प्रायमर फिरवायचा. मग फटीत फोमची गोल दोरी दाबायची. ही दोरी कशाला, ते मला सुरुवातीला कळत नव्हतं. मसाला फक्त दोन बाजूंना चिकटला पाहिजे, तळाला नाही. तळालाही चिकटला की फट उघडताना त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो फाटतो. म्हणून तळाशी दोरी, वर गननं सोडलेला मसाला, आणि तो धरायच्या आत मागून साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या चमच्याची पाठ फिरवायची. एका दमात फिरवायची. मधे थांबलं की तिथं वळ उमटतो. शेवटी चिकटपट्टी ओढून काढली की दोन्ही काठ असे सरळ निघतात की बघत राहावं. त्या सरळ काठांसाठीच मी हे काम केलं म्हटलं तरी चालेल.

आमचं माहेर झरीजवळच्या एका खेड्यातलं. मेंढरं, शेळ्या, जराशी कोरडवाहू जमीन. बाप वर्षातले कितीतरी महिने मेंढरांमागं बाहेर असायचा. भावाला मेंढरांमागं जायचं नव्हतं. तो पुण्याकडं कारखान्यांच्या बांधकामांवर गेला आणि तिथून हे काम शिकून आला. माझं लग्न तोवर परभणीत झालं होतं, नवरा रिक्षा चालवतो. एक दिवस भाऊ घरी आला आणि म्हणाला, "बाई, तुझा हात मी ओसरी सारवताना बघितलाय. मला तसाच हात पाहिजे मागून फिरवायला. येतीस का?"

सारवणाचं तो खोटं बोलला नव्हता. लग्नाआधी आमच्या घराचं सारवण माझ्याकडंच असायचं आणि माझ्या सारवलेल्या ओसरीवर वळ दिसायचा नाही, याचा मला माज होता. मी गेले. तेव्हापासून तो पुढं गन घेऊन आणि मी मागं चमचा घेऊन, दोघंही उकिडवे, अशी आमची वरात जिल्हाभर फिरली. तो पुढून ओरडायचा, "आली का गं?" मी म्हणायची, "आले, चल पुढं." दिवसभरात याहून जास्त बोलणं होत नसे आणि लागतही नसे. लोक म्हणायचे, बहीणभाऊ असावेत तर असे. मला ते ऐकायला लय आवडायचं, उगाच नाही कशाला म्हणू.

पहिली दोन-तीन वर्षं मी दोरीची खोली तपासायची. खराट्याची एक काडी घ्यायची, तिच्यावर दातानं खूण करायची आणि मसाला सोडायच्या आधी फटीत ठिकठिकाणी टेकवून बघायची. दोरी फार वर असेल तर मसाला पातळ बसतो, फार खाली गेली तर वाया जातो. भावाला सुरुवातीला काही वाटलं नाही, मग एकदा चिडला. "माझ्यावर इतबार न्हाई व्हय तुझा? माझ्या मागं काडी घेऊन फिरालीस, लोक काय म्हणतील?" मला खरंच लाज वाटली. मी काडी फेकून दिली. सख्ख्या भावाच्या कामात काडी बुडवून बघणारी बहीण मलाच आवडली नसती.

बोरीला काही शेतकऱ्यांनी मिळून धान्याचं गोदाम बांधायला काढलं होतं. सोयाबीन, तूर, हरभरा ठेवायला. त्याचे जॉइंट आमच्याकडं आले. कामावर देखरेख करणारे इंजिनिअर साहेब परभणीचे, कमी बोलणारे, पण कामाजवळ उभं राहून बघणारे. बहुतेक साहेब लोक मोबाइलमधून डोकं वर काढत नाहीत, हे खाली वाकून बघायचे. फोमच्या दोरीची बंडलं, मसाला, प्रायमर, सगळा माल त्यांच्याकडूनच मोजून यायचा आणि भाऊ तो ताब्यात घ्यायचा. अर्धं गोदाम झालं तेव्हा एका दुपारी ते माझ्याजवळ थांबले. मी हात चालू ठेवला, थांबता येत नव्हतं. चिकटपट्टी ओढून झाल्यावर ते म्हणाले, "ताई, परभणीत दिवाळीनंतर एक मोठं शेड निघतंय. हे गोदाम पावसाळा नीट काढू दे, मग शेडचे जॉइंट तुमच्या नावावर घ्या. माणसं तुमची, जबाबदारी तुमची."

माझ्या नावावर. ज्याच्या नावावर घर आहे, गाडी आहे, सातबारा आहे, त्याला यात काय मोठं ते कळणार नाही. मी लहानपणी बापाच्या नावानं ओळखली गेले, मग नवऱ्याच्या, कामावर भावाच्या. 'त्याची बहीण' हेच माझं नाव होतं. त्या दिवशी घरी जाताना एसटीत मी मनातल्या मनात माणसंही निवडली, कुणाला गन द्यायची, कुणाला ब्लोअर. ते शेड मला हवं होतं. इतकं हवं होतं, की लग्नात नवरासुद्धा मला इतका हवा नव्हता, हे मी त्याला सांगितलंय आणि तो हसलाय.

भावाला मी दुसऱ्या दिवशी सांगितलं. तो गनमधे मसाल्याचं पाकीट बसवत होता. "चांगलं हाय की," तो म्हणाला. "मालकीण झालीस. आता मला लावून घे कामाला." मीही हसले आणि म्हटलं, "बघू, तुझं काम पसंत पडलं तर."

त्याच आठवड्यात मी माहेरी गेले होते. मेंढरं नुकतीच कातरून झालेली, काळ्या लोकरीचा ढीग ओसरीत पडलेला, आणि माय चातीवर सूत काढून त्याची दोरी वळत बसलेली. माय डावखुरी. तिच्या हातची दोरी उलट्या पिळाची पडते. गावातल्या ढीगभर दाव्यांतून तिचं दावं कुणीही अंधारात चाचपून काढील. पण ही दोरी दाव्यापेक्षा जाड होती, अंगठ्याएवढी, आणि तिच्या बाजूला वेटोळ्यांवर वेटोळी पडली होती.

"एवढी जाड कशाला गं माय?"

"कोकरं बांधायला."

"इतकी कोकरं हायत व्हय आपल्याकडं?"

"बस, च्या टाकते," ती म्हणाली आणि उठली. माझी माय लबाड बाई नाही. म्हणून मी पुढं विचारलं नाही.

गोदामाची उरलेली बाजू भरायच्या दिवशी मी पोचायच्या आधीच भावानं चिकटपट्ट्या लावून, प्रायमर मारून, दोऱ्या दाबून तयार ठेवल्या होत्या. "म्हणलं तुला एसटी मिळंस्तोवर उरकून घ्यावं. तुझी कंबर दुखायलीय ना," तो म्हणाला. माझ्या कंबरेची त्याला फिकीर आहे बघून मला भरून आलं. फोमची दोरी काळपट असायची, गोदामात शटर अर्धंच उघडलेलं, फटीत सगळं काळंच दिसत होतं. मी खाली वाकून बघितलं नाही. तो पुढं निघाला, मी मागं. थोड्या वेळानं मला मेंढराचा वास आला, ओल्या लोकरीचा.

"दादा, अंघोळ करत जा की रे. वाड्यातून उठून आल्यासारखा वास यायलाय."

तो खो-खो हसला. "मेंढरवाल्याची पोरगी, आन् तिला मेंढराचा वास यायलाय! परभणीची हवा लागली गं तुला." मी चमचा फिरवत त्याच्याबरोबर हसले. हे आठवलं की आजही माझी तळपायाची आग मस्तकाला जाते. तो ज्या गोष्टीला हसत होता तीच मी माझ्या हातानं झाकत होते, आणि किती सुंदर झाकत होते. त्या बाजूला एकही वळ नव्हता. साहेब येऊन वाकून बघून गेले आणि म्हणाले, "ही बाजू तर आणखी सरस झाली."

पावसाळ्याचे दिवस सरता सरता बोरीहून बोलावणं आलं. मी पोचले तेव्हा भाऊ आधीच तिथं होता, साहेब होते. पोती एका अंगाला ओढून ठेवलेली. दुसऱ्या बाजूच्या जॉइंटचा मसाला काठापासून सुटला होता, भाकरीचा पापुद्रा सुटावा तसा लांबच्या लांब. आणि त्या सुटलेल्या काठातून बारीक, मळकट पाकोळ्या निघत होत्या. धान्याच्या गोदामात किडा निघणं म्हणजे काय, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती. साहेबांचा चेहरा उतरलेला. म्हणाले, "माणसांनी विश्वासानं माल ठेवलाय इथं. मी त्यांना काय सांगू?"

मी काही बोलायच्या आत भाऊ बोलला. शांतपणे, समजावून सांगितल्यासारखा.

"साहेब, मागून हात बाईचा असतो. साबणाचं पाणी लय वापरती ती. मी कितीदा म्हणलं. पाणी काठात उतरलं की मसाला धरत न्हाई."

खोटं बोलावं तर असं. साबणाचं पाणी जास्त झालं तर मसाला काठाला धरत नाही, हे खरंच आहे. ते मला त्यानंच शिकवलं होतं. कामाची माहिती नसलेल्या माणसाला असलं खोटं जमत नाही. क्षणभर मलाच वाटलं, झालं असेल का माझ्याकडून? मग मी पहिल्या बाजूकडं बघितलं. हात तोच, साबण तोच, पाणी तेच, आणि तिथला एक काठही सुटला नव्हता. माझं डोकं फिरलं. मी भावाच्या पिशवीतून कटर घेतला, गुडघ्यावर बसले आणि मसाला उभा चिरला.

आतून लोकर आली. मी ओढत गेले, ती येत गेली. ओली, काळी, अंगठ्याएवढी जाड दोरी, आणि तिला लागलेली कसर. घरातल्या घोंगडीला लागते तीच कसर, तिच्याच त्या पाकोळ्या. कच्च्या लोकरीला मेंढराच्या अंगचं तेल असतं. ते प्रायमरला लागलं, म्हणून मसाल्यानं काठ धरला नाही. हे सगळं मला नंतर नीट उमगलं. त्या वेळी मी फक्त पीळ बघत होते. उलटा होता.

"हे काय आहे?" साहेब म्हणाले.

मी भावाकडं बघितलं. मला वाटलं, आता तरी बोलेल. चुकलं साहेब म्हणेल, मी काय करायचं ते करते पुढं. त्याच्यासाठी मी साहेबांच्या पायाही पडले असते. तो म्हणाला, "मला काय ठावं साहेब. दोरी कमी पडायली तवा बाईच म्हणली, घरून आणते."

मग मी त्याला तोंडाला येईल ते बोलले. त्यातलं इथं लिहिण्यासारखं फार थोडं आहे. गोदामातले हमाल काम सोडून बघत उभे राहिले. साहेब म्हणाले, "ताई, आवाज नको. मला खरं काय ते कळू द्या." मी त्यांच्या हातात दोरी दिली, पीळ दाखवला, म्हटलं ही माझ्या मायच्या हातची आहे, मला सूत काढता येत नाही, मी मागितली नाही. त्यांनी ती दोन बोटांत फिरवून बघितली. "मला यातलं काही कळत नाही," ते म्हणाले. "तुमच्या आईंना उद्या घेऊन या. त्या सांगतील ते मी धरून चालतो. ज्यानं हे केलं त्याला माझ्याकडं पुन्हा काम नाही. ज्यानं नाही केलं, त्याला शेड आहे."

भावानं मान हलवली. मला वाटलं, घाबरला.

मी तशीच झरीला उतरून माहेरी गेले. माय अंगणात आईवेगळ्या कोकराला बाटलीनं दूध पाजत होती. मी पिशवीतून दोरीचा तुकडा काढून तिच्यापुढं टाकला. तिनं एकदा बघितलं आणि लगेच सांगून टाकलं. मला वाटलं होतं, आढेवेढे घेईल.

"त्यानं मागितली, मी वळून दिली. तिकडं फोमची दोरी पुरली न्हाई म्हणं. त्याचं परभणीत दुसरं काम चालू हाय, तिकडं लागली ती."

"दुसरं कुठलं काम?"

"तुला ठावं न्हाई व्हय?" तिनं कोकराच्या तोंडातली बाटली बाजूला केली. "त्याचा कोण भागीदार हाय नवा, त्याच्यासंगं करायलाय. उन्हाळ्यापासून."

मी खाली बसले. बोरीच्या कामाची दोरी घेऊन तो दुसरीकडं दुसऱ्याच्या सोबतीनं काम करत होता आणि मला वारंही लागू दिलं नव्हतं.

"तू मला कामून न्हाई सांगितलंस माय? मी विचारलं व्हतं तुला."

"तो म्हणला, बाईला सांगू नको. तिला कळलं तर ती हात लावायची न्हाई."

माझ्या भावाला मी ओळखत नव्हते, हे मला त्या दिवशी कळलं. पण तो मला बरोबर ओळखत होता. लोकर बघितली असती तर मी खरंच हात लावला नसता. आणि माझ्या हाताशिवाय ते खोटं कुणाच्या नजरेतून सुटलंही नसतं.

"माय, उद्या बोरीला येतीस का? एवढंच सांगायला?"

"येते की," ती म्हणाली. "खरं सांगायला काय भ्यायचं?"

मी तिच्या गळ्यात पडले. अशी मी लग्नाच्या पाठवणीतही पडले नव्हते. घरी येऊन नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, "आईला आजच सोबत घेऊन यायचं होतंस. ती राहती त्याच्याच घरात." मी त्याच्यावर उखडले. म्हटलं, माझ्या मायबद्दल असलं बोलायचं नाही. त्यानं रिक्षा पुसायला घेतली.

दुसऱ्या दिवशी माय झरीला एसटीत चढली. ठेवणीतलं लुगडं नेसली होती. मी तिला खिडकीजवळ बसवलं. बोरीच्या स्टँडवर उतरून चहा घेतला. ती बशीत ओतून घेतलेला चहा तसाच धरून बसली, निवून गेला तरी. मी विचारलं, "बरं न्हाई का?" ती म्हणाली, "एसटी लागली जरा." मी तिला लिंबाची गोळी आणून दिली. ती तिनं पदराला बांधली.

गोदामात साहेबांनी तिच्यासाठी खुर्ची मागवली. ती खाली काँक्रीटवरच बसली, माझ्याच भरलेल्या जॉइंटच्या शेजारी, पहिल्या बाजूच्या. भाऊ शटरच्या चौकटीला टेकून उभा होता. साहेबांनी दोरी तिच्यापुढं ठेवली.

"आजी, ही दोरी तुम्ही वळलीय?"

"व्हय. माझ्याच हातची हाय."

सुटले मी. उभ्या उभ्या मी भिंतीला टेकले.

"कुणी मागितली होती तुम्हाला?"

मायनं दोरी उचलली नाही. तिच्याकडं बघितलंही नाही.

"लेकीनं," ती म्हणाली. "आली व्हती घरी. म्हणली दोरी कमी पडायलीय, वळून दे. मी काय, अडाणी बाई. दिली वळून."

मी त्या आठवड्यात माहेरी गेले होते, हे खरं होतं. मी दोरीबद्दल विचारलं होतं, तेही खरं होतं. तिनं माझंच सगळं घेतलं होतं आणि फक्त उलटं वळलं होतं. काल भावावर एवढी ओरडले होते, आज माझ्या तोंडून शब्द निघाला नाही. ओरडायला समोर थोडं तरी परकं माणूस लागतं. मी फक्त तिच्याकडं बघत राहिले, की ती एकदा तरी वर बघेल. तिनं लुगड्याची निरी सारखी केली.

साहेबांनी दोरी उचलून बाजूला ठेवली. मग म्हणाले, "ताई, हात चांगला होता तुमचा." होता. एवढ्या एका शब्दानं माझं नाव मिळायच्या आधीच पुसलं गेलं. भावाकडं वळून ते म्हणाले, "ही बाजू सगळी उकरून पुन्हा भरून द्या. शेडचं मी तुमच्याशी बोलतो." भाऊ "जी साहेब" म्हणाला. माझ्या कानांनी मी ते ऐकलं.

बाहेर आल्यावर त्यानं मोटारसायकल सुरू केली. "माय, बस गाडीवर."

"मी बाईसंगं जाते एसटीनं," माय म्हणाली.

एसटीत ती माझ्या शेजारी बसली. बोरी मागं पडली. मग तिनं विचारलं, "रागावलीस व्हय?"

"तू काल म्हणालीस, खरं सांगीन."

"काल सांगणारच व्हते."

"मग?"

"रात्री तो पायाशी बसून रडला. त्याच्या दोन पोरी उजवायच्यात. त्याची इज्जत गेली तर कोण पुसंल त्यांना? आन् तुझा बाप किती दिवस मेंढरांमागं हिंडंल? आमाला त्याच्याच भाकरीवर राहायचं हाय, बाई."

"आन् माझी इज्जत?"

"तुला नवरा हाय तुझा. चांगला हाय." तिनं पदराची गाठ चाचपली. "आन् तू सोसतीस. त्याला सोसत न्हाई, पयल्यापासून न्हाई. तुझ्यावर टाकलं तर तू उभी राहतीस, हे मला ठावं हाय."

"मीबी काल रडले असते तुझ्यासमोर, तर?"

"तू कुठं रडतीस," ती म्हणाली.

ती मला चिडवत नव्हती. मनापासून बोलत होती, कौतुकानंसुद्धा असेल. तेच मला सहन होईना. भावानं दगा दिला त्याला कारण होतं. त्याला शेड पाहिजे होतं, स्वतःची लबाडी झाकायची होती. त्याचा मला राग आला, तो राग मला कळत होता. पण माझ्या जन्मदात्या आईनं दोन लेकरांना दोन हातांत धरून बघितलं आणि जे भक्कम निघालं ते टाकून दिलं. मी रडूबाई असते, आजारी असते, नवऱ्यानं टाकलेली असते, तर तिनं माझ्या बाजूनं साक्ष दिली असती. मला तिचा इतका राग आला, की तिच्या मांडीला लागलेला माझा पाय मी आवरून घेतला. ते तिला कळलं. ती खिडकीकडं सरकली.

झरी आली. ती उठली आणि माझा दंड धरला. "उतर की. सकाळपासून पोटात काही न्हाई तुझ्या. भाकर खाऊन जा."

मी हलले नाही. ती एकटीच उतरली, पण पुढं गेली नाही. बाहेरून फिरून माझ्या खिडकीशी आली आणि टाचा उंच करून गज धरला.

"बाई, उतर. ऐक माझं. उतर गं माय."

एसटी निघायला झाली होती. कंडक्टरनं मागून तिला बघितलं आणि मला विचारलं, "मावशी, आजी तुमच्या सोबतच्या हायत का? उतरायचं का तुमाला?"

"न्हाई," मी म्हटलं. "माझ्यासोबत कुणी न्हाई."

मायनं ते ऐकलं. तिनं गजावरचा हात काढून घेतला, आणि कंडक्टरनं डबल बेल दिली.